भूमिका-खेळात महत्त्व पात्राच्या निर्णयाला

महोदय,

पुण्या-मुंबईत बोर्डगेम कॅफे सुरू झाल्यापासून वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आणि तत्सम रोलप्लेइंग खेळांवर अधूनमधून लेख येऊ लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु या लेखांत, आणि त्याहूनही अधिक या खेळांच्या कार्यशाळांच्या जाहिरातींत, एक समजूत गृहीत धरलेली दिसते. उत्तम खेळाडू म्हणजे आवाज बदलून बोलणारा, हातवारे करणारा, प्रसंगी पोशाख करून येणारा. आणि अभिनय जितका ठसठशीत तितका तो भूमिकेत अधिक बुडालेला, अशी ती समजूत आहे. मी बरीच वर्षे हे खेळ खेळते आहे आणि चालवतेही आहे. या समजुतीमुळे नवख्या खेळाडूंचे नुकसान होते असे माझे स्पष्ट मत आहे. भूमिकेशी समरस होणे हाच या खेळाचा गाभा आहे, याविषयी दुमत नाही. पण ती समरसता निर्णयाच्या क्षणी उभी राहते आणि त्याच क्षणी तिचा कस लागतो, हे थोडे विस्ताराने मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. चार-पाच जण एका टेबलाभोवती बसतात. त्यांतील एक जण गेम मास्टर असतो. जग, तेथील माणसे, हवा, अंतरे, धोके हे सारे तो शब्दांनी उभे करतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. गेम मास्टर परिस्थिती सांगतो आणि विचारतो, ''काय करतोस?'' खेळाडू उत्तर देतो. जेथे यशाची खात्री नसते तेथे फासा टाकला जातो, बहुधा वीस बाजूंचा, आणि त्याच्या आकड्यावरून काय घडले ते ठरते. त्यानंतर पुन्हा तोच प्रश्न. नकाशे, चित्रे, बाहुल्या असल्या तर उत्तम, नसल्या तरी अडत नाही. अडते ते त्या प्रश्नाला पात्राच्या जागेवरून उत्तर आले नाही तर.

या खेळाचा वंश पाहिला तरी हेच दिसते. प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने, वडिलांनी आरंभलेली कल्पना पुढे नेऊन, १८२४ साली 'क्रीगस्पील' हा युद्धखेळ प्रसिद्ध केला. त्यात दोन्ही बाजूंचे खेळाडू आपले हुकूम पंचाकडे देत, आणि पंच नकाशावर प्रत्येकाला तेवढेच दाखवी, जेवढे त्याच्या तुकड्यांना त्या जागेवरून दिसू शकले असते. टेकडीपलीकडे शत्रू आहे की नाही हे ठाऊक नसताना हुकूम सोडायचा, यात त्या खेळाचे मर्म होते. पुढे १९६९ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली यांनी नेपोलियनच्या काळातील ब्राउनस्टाइन या कल्पित गावाभोवती एक युद्धखेळ मांडला आणि खेळाडूंना गावातील एकेका माणसाची भूमिका वाटून दिली. झाले असे की, लढाई बाजूला राहिली आणि खेळाडू आपापल्या माणसाचे हेतू घेऊन कोपऱ्याकोपऱ्यांत कुजबुजू लागले. दोघांनी तर परस्परांत द्वंद्वयुद्ध ठरवले, ज्यासाठी वेस्ली यांच्याकडे नियमच नव्हता. खेळ हाताबाहेर गेला असे त्यांना वाटले. खेळाडूंनी मात्र पुन्हा तसाच खेळ मागितला. त्याच मंडळींतील डेव्ह आर्नेसन आणि विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा येथील गॅरी गायगॅक्स यांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केले. पहिल्या छपाईच्या प्रती अवघ्या एक हजार होत्या. मर्यादित माहिती, एका माणसाचा हेतू आणि त्यातून निघणारी कृती, हे तीन धागे या सगळ्या वाटचालीत अखंड आहेत. आवाजांची कसरत नंतर आली.

मराठी माणसाला येथे नाटकाची आठवण होणे स्वाभाविक आहे, आणि ती काही अंतरापर्यंत उपयोगाचीही आहे. परंतु नटाला पुढचा प्रवेश ठाऊक असतो. त्याच्या पात्राने काय करायचे हे नाटककाराने ठरवलेले असते, आणि तो ठरलेला निर्णय प्रेक्षकांना खरा वाटेल असा करून दाखवणे ही त्याची विद्या. दशावतार या खेळाच्या अधिक जवळचा आहे. तेथे संवाद लिहिलेले नसतात, रंगभूमीवर समोरच्याने टाकलेल्या वाक्याला भूमिकेतच राहून तत्काळ उत्तर द्यावे लागते, आणि त्या उत्तरांच्या चढाओढीत रात्र सरते. तरीही कथेचा शेवट ठरलेला असतो. संकासुराने कितीही हजरजबाबी उत्तरे दिली तरी त्याचा वध व्हायचाच असतो. आमच्या टेबलावरचा संकासुर वेद परत करू शकतो, समुद्र ओलांडून पळून जाऊ शकतो, किंवा विष्णूशी तह मागू शकतो, आणि तो यांपैकी काय करील हे त्याची भूमिका घेतलेल्या खेळाडूलाही आधी ठाऊक नसते. या 'ठाऊक नसण्यात' जे घडते त्याला मी समरसता म्हणते.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय हे नीट पोहोचणार नाही. आमच्या घरी चालणाऱ्या एका खेळात सह्याद्रीतल्या कल्पित गडाला वेढा पडला होता. अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, स्वभावाने अबोल, गडावरील पहारेकरणीची भूमिका करीत होता. तिचा धाकटा भाऊ वेढा घालणाऱ्यांच्या छावणीत चाकरीला होता. एके रात्री तो चोरदिंडीपाशी आला आणि म्हणाला, ''ताई, दार उघड.'' भावाचे बोलणे मी बोलत होते. त्याआधीच, टेबलावर सर्वांच्या समक्ष, किल्लेदाराने गड खाली करून देण्याचे मनाशी ठरवल्याचा प्रवेश झाला होता. म्हणजे दार उघडल्याने काही बिघडणार नव्हते, हे खेळाडूला ठाऊक होते आणि पहारेकरणीला नव्हते. तो बराच वेळ गप्प राहिला. कोणताही अभिनय नाही, आवाजात फरक नाही, फासा मुठीत. मग त्याने विचारले, ''त्याच्या पायांत वहाणा आहेत का?'' मी याचा विचारच केलेला नव्हता. भाऊ पळून आला असेल तर अनवाणी असेल, कोणी पाठवला असेल तर वहाणा असतील, असे त्या प्रश्नामागचे गणित होते. पहाऱ्यावर आयुष्य काढलेल्या बाईने नेमके तेथेच पाहिले असते. मी म्हटले, ''आहेत. नव्या कोऱ्या.'' त्यावर तो म्हणाला, ''मी दार उघडत नाही. शिंक्यातली भाकरी दोराने खाली सोडते.''

त्या खोलीतील प्रत्येक जण तेव्हा त्या तटावर होता, याबद्दल मला शंका नाही. आणि तेथे कोणीही नाटकी असे काही केलेले नव्हते. एक प्रश्न विचारला गेला, जो फक्त त्या पात्राला सुचू शकला असता. आणि एक निर्णय घेतला गेला, जो खेळाडूच्या सोयीचा नव्हता. भावाला आत घेतले असते तर त्याला पुढे एक उपयुक्त सोबती मिळाला असता. ती संधी त्याने सोडली. ती जाते आहे याकडे त्याचे लक्षही नव्हते, कारण त्याचे सगळे लक्ष त्या वहाणांवर होते.

दुसऱ्या दिवशी किल्लेदाराने गड खाली केल्याचे जाहीर झाले, तेव्हाचीही एक गोष्ट नोंदवते. तोपर्यंत पहारेकरीण किल्लेदाराला नेहमी ''आपण'' म्हणत असे. त्या सकाळी ती म्हणाली, ''तुम्ही मला कालच सांगायला हवं होतं.'' 'आपण'चे 'तुम्ही' झाले आणि टेबलावरचे सगळे थबकले. मराठीत खेळताना हे सतत घडते. समोरच्याला तू, तुम्ही की आपण, हे ठरवल्याशिवाय तोंडच उघडता येत नाही, आणि ते ठरवणे म्हणजे पात्राच्या निष्ठेविषयी, रागाविषयी, धाडसाविषयी एक निर्णय घेणे असते. क्रियापदांचेही तसेच. पुरुषाने स्त्रीची भूमिका घेतली की त्याला प्रत्येक वाक्यात 'मी जाते', 'मी पाहते' म्हणावे लागते. इंग्रजीत खेळताना हे झाकून राहते. हा विद्यार्थी सुरुवातीच्या बैठकांत 'माझी पहारेकरीण जाते' असे दुरून बोलत असे, मध्ये मध्ये 'मी जातो' निसटत असे, आणि एका टप्प्यानंतर तो 'मी जाते' म्हणू लागला तेव्हा कोणाला त्यात वेगळे काही वाटेनासे झाले. मी स्वतः त्या रात्री 'ताई, मी आलोय' म्हणत होतेच. बालगंधर्वांच्या आणि दशावतारी स्त्री-पार्टांच्या भाषेला यात अवघड वाटण्याचे कारण नाही. तरीही आपल्याकडील अनेक टेबलांवर घरी मराठी बोलणारे पाच जण एकत्र जमून संपूर्ण खेळ इंग्रजीत खेळतात, कारण नियमांचे पुस्तक इंग्रजीत असते. शब्द आठवण्यात गेलेला क्षण हा पात्राकडून काढून घेतलेला असतो, असे मला वाटते.

आता माहितीच्या मर्यादेविषयी. खेळाडूला ठाऊक असलेली पण पात्राला ठाऊक नसलेली गोष्ट निर्णयात वापरणे याला खेळणारे 'मेटागेमिंग' म्हणतात आणि ते वाईट मानतात. पण त्यावरचा नेहमीचा उपाय, म्हणजे 'जे ठाऊक आहे ते ठाऊक नसल्यासारखे वाग' ही सूचना, दिसते तितकी सोपी नाही. एकदा कळलेली गोष्ट मनातून पुसता येत नाही. पेल्यात विष आहे हे टेबलावर जाहीर झाल्यानंतर खेळाडू पेला उचलतो, तेव्हा बहुतेक वेळा पात्राला तहान लागली आहे म्हणून तो उचलत नाही, आपण लबाडी करीत नाही हे सोबत्यांना दाखवण्यासाठी उचलतो. एरवी कदाचित त्याने पेल्याकडे लक्षही दिले नसते. म्हणजे माहिती न वापरण्याच्या आग्रहातही माहितीच निर्णय घेते. म्हणून मी शक्य तेथे माहिती राखून ठेवते: एखाद्याला बाजूच्या खोलीत नेऊन सांगते, एखाद्याच्या हातात चिठ्ठी देते. काही अनुभवी मंडळी याच्या अगदी उलट, सारे उघड ठेवून खेळतात आणि आपल्या पात्राला डोळ्यांदेखत संकटात जाऊ देण्यात त्यांना कारुण्याचा आनंद मिळतो. तो आनंद खरा आहे आणि पहारेकरणीच्या प्रसंगात तो आम्हालाही मिळाला. पण तेथे तो खेळाडू दोन्ही गोष्टी पेलू शकला म्हणून तो प्रसंग उभा राहिला. नवख्यांकडून ही अपेक्षा ठेवू नये.

नियमांचा भागही येथे मोठा आहे, आणि वृत्तपत्रीय लेखांत तो जवळजवळ कधीच येत नाही. पात्राच्या मनाचे काय करायचे, या प्रश्नाला निरनिराळ्या खेळांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. सँडी पीटरसन यांच्या १९८१ सालच्या 'कॉल ऑफ कथुलु'मध्ये भयंकर काही पाहिले की एक ते शंभर आकडा देणारे फासे टाकून पात्राचे मानसिक स्थैर्य ढळले का हे ठरते, आणि त्यानुसार ते कमी-अधिक घटते. ते एकदम फार घटले तर पात्राचा स्वतःवरचा ताबा काही काळ सुटतो. ग्रेग स्टॅफर्ड यांनी १९८५ साली 'पेनड्रॅगन' या आर्थर राजाच्या सरदारांवरील खेळात आणखी पुढचे पाऊल टाकले. त्यात दयाळू आणि क्रूर, शूर आणि भित्रा अशा स्वभावगुणांच्या जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीची बेरीज वीस असते. एखादा गुण १६ किंवा त्याहून अधिक झाला की त्या गुणाची कसोटी लागणाऱ्या प्रसंगी गेम मास्टर फासा टाकायला लावू शकतो, आणि फाशाचा कौल सरदाराला पाळावा लागतो. खेळाडूच्या हातून निर्णयच काढून घेतला, अशी या पद्धतीवर टीका होते. मला ती अर्धीच पटते. आपला राग आपल्यालाच चकित करतो, हा अनुभव सर्वांचा आहे, आणि ज्याने वर्षानुवर्षे दया दाखवली त्याला एके दिवशी तलवार उगारता येऊ नये, यात सत्य आहे. शिवाय तो आकडा खेळाडूच्या आधीच्या वागण्यातून वाढत गेलेला असतो, तेव्हा त्या दिवशीचा कौल हा त्याच्याच जुन्या निर्णयांचा असतो. मात्र हेच तंत्र आकडे कसे वाढले याची कोणाला आठवण नसलेल्या टेबलावर वापरले तर खेळाडू स्वतःच्या पात्राचा प्रेक्षक होतो.

याच्या उलट मार्ग 'फेट'सारख्या खेळांचा आहे. तेथे पात्राच्या स्वभावाविषयी एखादे वाक्य लिहिलेले असते, त्या स्वभावामुळे येणारी अडचण स्वीकारली तर खेळाडूला एक गुण मिळतो, आणि नाकारायची असेल तर पदरचा एक गुण खर्च करावा लागतो. गोष्ट रंगतदार करण्यास ही पद्धत फार उत्तम आहे. पण सौदा खेळाडूशी होतो, पात्राशी नाही. पात्राला त्या गुणांचे अस्तित्वच माहीत नसते. ज्या क्षणी मी 'हा गुण पुढे उपयोगी पडेल' असे म्हणून माझ्या सरदाराला मद्याचा पेला उचलू देते, त्या क्षणी मी लेखिकेच्या खुर्चीत असते. तेथे बसण्यात गैर काही नाही, मात्र भूमिकेतून निर्णय घेण्याहून ते निराळे आहे, आणि एकाच टेबलावर दोघांना या दोन वेगळ्या गोष्टी हव्या असल्या की भांडणे होतात. त्यांचे मूळ स्वभावात शोधले जाते; ते बहुधा या खुर्च्यांत असते.

मला सर्वांत जास्त चकित केलेला खेळ म्हणजे २००५ साली आलेला 'ड्रेड'. त्यात फासेच नाहीत. टेबलाच्या मध्यभागी जेंगाचा लाकडी मनोरा असतो, पात्राने काही धोक्याचे करायचे ठरवले की खेळाडूने त्यातून एक ठोकळा काढून वर ठेवायचा, आणि मनोरा कोसळला की ते पात्र कथेतून गेले. खेळाडू ठोकळा काढण्यास नकारही देऊ शकतो. मग पात्राचा तो प्रयत्न फसतो, पण जीव वाचतो. तळघरातून मित्राची हाक येते आहे आणि मनोरा आधीच तिरका झाला आहे, अशा वेळी पुढे केलेला हात जसा थरथरतो आणि मागे घेतला जातो, तो थरकाप खेळाडूचा की पात्राचा हे सांगता येत नाही. येथे नियमाने भीतीचे वर्णन केलेले नाही, भीती निर्माण केली आहे, आणि निर्णय पूर्णपणे माणसाच्या हातात ठेवला आहे. या खेळात पात्रही आकड्यांनी बनत नाही. गेम मास्टर एक प्रश्नावली देतो, आणि 'आईच्या अंत्ययात्रेला तू का गेला नाहीस?' अशा धाटणीच्या प्रश्नांना उत्तरे देता देता पात्र तयार होते. मला हे पात्राचा पाच पानी पूर्वेतिहास लिहून आणण्यापेक्षा शतपटीने उपयुक्त वाटते. लांबलचक पूर्वेतिहास खेळाडूला स्वतःचे लेखन वाचून दाखवण्याच्या मोहात पाडतो. पात्र कोणाचे देणे लागते आणि कोणाला 'नाही' म्हणू शकत नाही, एवढे माहीत असले तर पहिल्याच बैठकीत खरे निर्णय घेता येतात. बाकीचे पात्र त्या निर्णयांतून उलगडते.

येथे एका पळवाटेचा उल्लेख केला पाहिजे, कारण समरसतेचे नाव घेऊनच ती वापरली जाते. एखादा खेळाडू सोबत्यांचे धन चोरतो, ठरलेला बेत उधळतो, दुसऱ्याच्या पात्राचा अपमान करतो, आणि जाब विचारला की म्हणतो, ''मी काय करणार? माझं पात्र असंच वागेल.'' हे म्हणणे मला मान्य नाही. कोणत्याही माणसासमोर कोणत्याही क्षणी एकच वाट नसते. चोरट्या स्वभावाच्या माणसालाही आज चोरी न करण्याची दहा कारणे असू शकतात: भीती, आळस, उपकाराची जाणीव, उद्या अधिक मिळण्याची आशा. त्या दहांतून चोरीच निवडली, ती खेळाडूने. पात्राच्या आतून निर्णय घेणे म्हणजे निर्णयाची जबाबदारी पात्रावर ढकलणे नव्हे. उलट त्या माणसाच्या मनात एकाच वेळी किती ओढी असतात हे ज्याला जाणवते, त्यालाच निवड करताना जड जाते. ज्याला कधीच जड जात नाही तो भूमिकेत शिरलेला नाही, एवढे अनुभवाने सांगू शकते.

गेम मास्टरची जबाबदारी तर याहून मोठी आहे. आमच्यापैकी अनेक जण, विशेषतः इंटरनेटवरील व्यावसायिक नटांचे खेळ पाहून या छंदात आलेले, वर्णनावर आणि निरनिराळ्या आवाजांवर अतोनात मेहनत घेतात, आणि शेवट मात्र घरूनच ठरवून आणतात. खेळाडू डावीकडे गेले काय किंवा उजवीकडे, वाडा तोच येतो. खेळाडूंना हे फार लवकर कळते. एकदा कळले की ते निर्णय घेणे सोडून देतात आणि नक्कल करू लागतात, कारण करण्यासारखे तेवढेच उरलेले असते. आणि मग आपण म्हणतो, अभिनय छान करतात. याखेरीज खेळाडूला त्याच्या पात्राची भावना सांगण्याची सवय आमच्यात आहे. ''तुला भीती वाटते'' असे गेम मास्टरने म्हणू नये. ओल्या भिंतीचा वास, विझत आलेली मशाल, पलीकडे थांबलेली पावले, एवढे त्याने सांगावे आणि थांबावे. भीती वाटली की नाही हे खेळाडूच्या पुढच्या वाक्यात कळेल. तसेच फासा टाकण्यापूर्वी काय पणाला लागले आहे हे स्पष्ट असावे, आणि पडलेला आकडा गैरसोयीचा असला तरी मानला जावा. पहारेकरणीच्या खेळात तो भाऊ सकाळी सापडला नाही. भाकरी मात्र दोराला तशीच होती. पुढच्या कित्येक बैठकांत मी त्याला परत आणले नाही, कारण दार न उघडण्याला काही अर्थ उरायला हवा होता.

पालकांच्या मनातील एका शंकेलाही उत्तर द्यायला हवे. मुले भूमिकेत इतकी गुंतली तर त्यांच्या मनावर परिणाम होणार नाही ना, असे मला वारंवार विचारले जाते. १९८०च्या दशकात अमेरिकेत या खेळावर सैतानपूजेचे आणि आत्महत्यांना प्रवृत्त करण्याचे आरोप झाले, खेळाविरुद्ध संघटना उभ्या राहिल्या, पण ते आरोप टिकले नाहीत. तथापि पात्राची भावना खेळाडूत झिरपते हे खरे आहे. खेळणाऱ्यांनी त्याला नाव दिलेले आहे आणि त्यासाठी साधने केलेली आहेत. टेबलावर फुलीचे चिन्ह असलेले एक कार्ड ठेवायचे, कोणालाही प्रसंग असह्य झाला तर त्याने त्या कार्डाला हात लावायचा, आणि कारण न विचारता तो प्रसंग तेथेच सोडून द्यायचा, ही पद्धत आता जगभर रूढ आहे. मुलांसाठी खेळ चालवणाऱ्यांनी ती अवश्य पाळावी. असे कार्ड जवळ असले की माणूस अधिक मोकळेपणाने आत शिरतो, असा माझा अनुभव आहे.

शेवटी आपल्यामार्फत दोन विनंत्या. पहिली, पुरवणीतील लेखकांना: या खेळांवर लिहिण्यापूर्वी एखाद्या टेबलावर पूर्ण बैठक बसून पाहा, आणि मोठ्याने बोलणाऱ्या खेळाडूऐवजी बराच वेळ गप्प राहून मग एक वाक्य बोलणाऱ्याकडे लक्ष ठेवा. कार्यशाळा घेणाऱ्यांनीही अबोल मुलांना 'जरा आवाज काढून बोल' असे सांगून घाबरवू नये. त्यांना विचारावे, की तू तेथे उभी आहेस, तुला काय दिसते आणि तू काय करतेस.

दुसरी विनंती ग्रंथालये, मराठी प्रकाशक आणि भाषांतरकार यांना. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम त्यांच्या प्रकाशकांनी जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले आहेत. मूळ श्रेय दिले की त्यांचे भाषांतर करता येते, ते छापता येते आणि विकताही येते. मराठीत ते आणण्यास कायद्याची अडचण नाही. काही जणांनी मिळून हाती घेण्याजोगे ते काम आहे. कोणी ते हाती घेतले तर माझा वेळ आणि माझ्याकडील टिपणे मी आनंदाने देईन. फक्त त्यातील उदाहरणांत गेम मास्टरचा प्रश्न 'तुझे पात्र काय करेल?' असा छापू नये. 'तू काय करतोस?', 'तू काय करतेस?' असा छापावा.

आपली,
एक वाचक, पुणे